पाटे खालून वर

आण्णाची जीप ही आमच्या गावातली सगळ्यांत उंच वस्तू आहे असं मला तेव्हा वाटायचं. देऊळ तिच्याहून उंच होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण देवळाकडे मान वर करून बघायची सवय असते. गाडीकडे मान वर करून बघावं लागतं, याचंच नवल होतं.

आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. लष्कराने मोडीत काढलेली ती जुनी जीप त्याने घेतली आणि घेतल्याबरोबर तिला उंच केलं. त्याला कारण होतं. आमचं गाव खानापूरच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेला. गावातून खानापूरला जाताना मध्ये एक ओढा लागतो. त्याच्यात गोल, गुळगुळीत, कलिंगडाएवढे दगड. पाणी पार उन्हाळ्यापर्यंत वाहतं. साध्या जीपचं पोट त्या दगडांना घासायचं आणि पाणी इंजिनपर्यंत यायचं.

गाडीची चाकं ज्या आडव्या दांड्याला असतात त्याला एक्सल म्हणतात. एक्सल आणि वरचा सांगाडा यांना जोडणारी पोलादी पट्ट्यांची एक चवड असते, धनुष्यासारखी वाकलेली. त्या पट्ट्या म्हणजे पाटे. चाक दगडावर चढलं की पाटे दबतात आणि धक्का आपल्या अंगावर घेतात. आण्णाने प्रत्येक चवडीत ट्रकचे दोन-दोन जाड पाटे घातले. त्यामुळे चवड जास्त फुगली, गाडी चार बोटं वर गेली आणि पोट घासायचं थांबलं. बाजारच्या दिवशी तो बारा माणसं, त्यांच्या बुट्ट्या, कोंबड्या सगळं घेऊन ओढा पार करायचा. पलीकडे गेल्यावर मागे वळून बघायचा. कुणीतरी कौतुकाचं काही बोलेल म्हणून थोडं थांबायचा.

आत बसलेली माणसं मात्र कमरेला हात लावून उतरायची. "आण्णा, गाडी हाय का जातं?" अशी चेष्टा व्हायची. आण्णा म्हणायचा, "व्हय, पीठ व्हायचं नसंल तर चालत या."

त्या वर्षी आप्पांच्या कमरेवर लाकूड आलं.

आप्पा म्हणजे आमचे वडील. लाकडाच्या डेपोत ओंडके ट्रकवर चढवायचं काम ते जन्मभर करत आले होते. एक ओंडका घसरला आणि त्यांना घेऊन खाली आला. बेळगावच्या डॉक्टरांनी मणक्याला पट्टा बांधला. म्हणाले, महिन्याला आणून दाखवत राहा, पट्टा बदलत राहू, चुकवलं नाही तर चालतील. शेवटचे चार शब्द आई रोज एकदा तरी म्हणून दाखवायची, डॉक्टरांच्याच आवाजात.

पहिल्या खेपेला आठ माणसांनी खाटेवर घालून त्यांना खानापूरपर्यंत नेलं. पण दर महिन्याला आठ माणसं कुठून आणणार? दुसऱ्या खेपेला आण्णाने जीपच्या मागच्या भागात गवत पसरलं, वर गोधड्या घातल्या आणि आप्पांना झोपवलं. मी सुट्टीला आलो होतो, मीही बरोबर होतो. आप्पांनी टॉवेलाची घडी दातांत धरली होती. ओढ्याच्या मधोमध तो टॉवेल त्यांच्या तोंडातून गळून पडला. मला वाटलं दुखणं थांबलं. पण ते बेशुद्ध झाले होते.

परत आल्यावर ते आईला म्हणाले, "मला पुन्यांदा त्या गाडीत घालू नका. हितंच पडू द्या." त्यांनी आवाज चढवला नव्हता. आण्णा दारात उभा होता, त्याने ऐकलं. पुढच्या तारखेला आप्पा गेले नाहीत. त्याच्या पुढची तारीख पंधरा दिवसांवर आली होती.

मी तेव्हा बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. टिळकवाडीत एका वकिलांच्या बंगल्यामागे एक खोली होती, तिच्यात आम्ही तिघं राहायचो. आमच्या घरात कॉलेजचं दार बघणारा मी पहिलाच, त्यामुळे मला काय येतं याबद्दल घरच्यांचा फार मोठा गैरसमज होता. गावात कुणाचा रेडिओ बिघडला तरी तो माझ्यापुढे यायचा. मला रेडिओतलं काही येत नव्हतं. पण पाटे मात्र त्याच वर्षी अभ्यासाला होते. पाट्याची लांबी, रुंदी, जाडी, संख्या आणि वजन घातलं की तो किती दबेल ते सांगणारं एक सूत्र होतं.

त्या सूत्रात जाडीचा घन होता. म्हणजे पाटा दुप्पट जाड केला तर तो दुप्पट ताठ होत नाही, आठपट होतो. वर्गात हे फळ्यावरून उतरवून घेताना मला काही वाटलं नव्हतं. खोलीवर आल्यावर एकदम आण्णाच्या गाडीतले ट्रकचे पाटे डोळ्यांपुढे आले. आप्पांचा टॉवेल कशाने गळला ते माझ्या वहीत शाईने लिहिलेलं होतं. मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. कागदावरची गोष्ट खरी असते, हे मला पहिल्यांदा तेव्हा पटलं.

शनिवारी गावी गेलो आणि आण्णाला सांगितलं, की पाटे बदलूया, जाड काढून पातळ घालूया. तो म्हणाला, "आणि उंची?"

"ती जरा कमी होईल."

"मग वढ्यात आप्पांस्नी खांद्यावर घिऊ व्हय?"

त्याचं बरोबर होतं. उंची गेली तर गाडी दगडावर बसणार आणि उंची राहिली तर आप्पा गाडीत बसणार नाहीत. मी चार संध्याकाळ गणितं केली. पातळ पाटे जास्त संख्येने घालून बघितले. पाटे तेच ठेवून, ते सांगाड्याला ज्या कड्यांनी टांगलेले असतात त्या कड्या लांब करून बघितल्या. शेवटी जे उत्तर आलं ते जवळजवळ आण्णाने आधीच करून ठेवलं होतं तेवढंच ताठ होतं. मला वाटलं, माझं काहीतरी चुकतंय. सरांना विचारावं म्हणून दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो. घरच्या जीपविषयी सरांना विचारणं मला तेव्हा बरं वाटेना.

एका ट्रकवाल्याने आण्णाला निपाणीच्या एका मिस्त्रींचं ठिकाण सांगितलं होतं. हमरस्त्यावर तंबाखूच्या वखारींच्या पुढे त्यांची पत्र्याची शेड होती. वर्षानुवर्षं ते फक्त पाट्यांचं काम करत होते. इंजिनला हात लावत नव्हते. आम्ही सकाळीच बेळगावहून निघालो. निपाणी जवळ आली तशी हवेत तंबाखू लागली आणि मी शिंकायला लागलो. शेडपाशी उतरलो तेव्हाही शिंकतच होतो. मिस्त्रींनी मला पहिला प्रश्न विचारला तो हा, "कुठल्या गावचं पाव्हणं हे? तंबाकूची वळख न्हाय ती?"

पांढऱ्या दाढीचा, बारीक अंगाचा, साठीच्या पलीकडचा माणूस. आण्णाने त्यांना आप्पांची सगळी हकीकत सांगितली. मग मला पुढे करून म्हणाला, "ह्यो माझा भाऊ. इंजिनिअरिंगला हाय. ह्यानं सगळं काढून आणलंय."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी हात धोतराला पुसले, माझी वही घेतली आणि उलटी-सुलटी करून परत दिली. "मला वाचाय येत न्हाय. तू सांग. किती वजन धरलंस?"

"बारा माणसांचं. आणि सामान."

"बारा कुठली? मला तर एकच म्हातारा सांगितला की रं तुमी."

मी आण्णाकडे बघितलं. आण्णा गाडीच्या टायरकडे बघत होता. गाडी कशासाठी, असं मी त्याला विचारलं होतं, तेव्हा तो नेहमीच्या अभिमानाने म्हणाला होता, "बारा माणसं, लेका, बारा." मी बारा धरले. आप्पा माझ्या वहीत कुठेच नव्हते. चार संध्याकाळ मी बाजाराला जाणाऱ्या माणसांसाठी पाटे काढत होतो.

मिस्त्री गाडीखाली गेले नाहीत की त्यांनी पाटे मोजले नाहीत. ते म्हणाले, "म्हातारा कुठं झोपतोय?"

"मागं," आण्णा म्हणाला.

"गवात हाय?"

गवत होतं, वर एक गोधडीही होती. तेव्हा ते मला म्हणाले, "हो आडवा. डोकं कुठं असतंय त्याचं? तिकडंच कर. ड्रायव्हर, तू चालीव. मी फुडं बसतो."

ही त्यांची पद्धतच होती, ते मला नंतर कळलं. जो माणूस गाडीत बसणार त्याच्या जागी कुणालातरी बसवून फिरवून आणल्याशिवाय ते कुठल्याही गाडीचा बोल्ट सोडत नसत. आम्ही तवंदी घाटाच्या बाजूला खडीच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो. मी पाठीवर, आकाशाकडे बघत पडलो होतो. पहिल्या खड्ड्यालाच माझं डोकं पत्र्यावर आपटलं. दुसऱ्याला दात एकमेकांवर आदळले. बसलेल्या माणसाला धक्का कळतो, येणार म्हणून अंग सावरता येतं. आडव्या माणसाला काहीच दिसत नाही. त्याच्या पाठीलाच आधी कळतं. माझी पाठ विशीतली, धडधाकट होती, तरी मी दोन्ही हातांनी गोधडी घट्ट धरली होती. शेवटी मी ओरडलो असेन, कारण गाडी थांबली.

आण्णा मागे आला. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "उतर."

मी उतरलो आणि तो स्वतः मागे चढून आडवा झाला. मिस्त्रींना जीप चालवता येत होती. परतीची वाट त्यांनी चालवली, आणि मला वाटतं, मुद्दामच एकही खड्डा चुकवला नाही. शेडपाशी आल्यावरही आण्णा लगेच उठला नाही. आपल्या गाडीत मागे तो कधीच बसला नव्हता. दोन वर्षांत एकदाही नाही.

चहा आला. मिस्त्री बशी फुंकत म्हणाले, "उंची तुला लोखंडाच्या जोरावर मिळालीया. जागा बदलून बी मिळती."

आणि त्यांनी शेडमधल्या दोन फुटक्या पाट्यांच्या तुकड्यांनी आणि एका नळीने जमिनीवर दाखवलं. नळी म्हणजे एक्सल. जीपचे पाटे एक्सलच्या खालून बांधलेले असतात. त्यांनी तुकडे नळीच्या खाली धरले, मग तेच तुकडे उचलून नळीच्या वर ठेवले. बस्स. बाकी काही नाही. तेच पाटे, तोच एक्सल; पण सांगाडा जिथे टेकतो ती जागा एक्सलच्या आणि पाट्यांच्या जाडीइतकी वर गेली, सहा-सात बोटं. आता ट्रकचे पाटे काढून टाकले तरी उंची आधीपेक्षा जास्तच. आणि चवडीत राहणार ते जीपचे मूळचे पातळ पाटे.

मी त्या नळीकडे आणि तुकड्यांकडे बघत राहिलो. माझ्या वहीत जाडी होती, लांबी होती, संख्या होती, पण वर आणि खाली असं काही नव्हतंच. मला कुणी विचारलं असतं तरी सुचलं नसतं. त्या माणसाला वाचता येत नव्हतं, आणि ते तिथे उकिडवे बसून चहा पीत होते.

"पर ऐक," ते आण्णाला म्हणाले. "उंची मिळंल, मऊपणा मिळंल. वज्जं न्हाय मिळणार. वर गेलेली गाडी वळणावर डुलती. बारा माणसं घातलीस तर एक दिवस आडवी करशील. सात. तुला धरून. जास्ती न्हाय."

बारा माणसं घेऊन ओढा पार करण्यावरच आण्णाचं गावात नाव होतं. शाळा त्याने चौथीत सोडली, मी शिकावं म्हणून सोडली असं आई म्हणते, तो तसं कधी म्हणाला नाही. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी मध्ये काहीतरी बोललो, की बाजारच्या दिवसापुरते जाड पाटे परत घालता येतील का. मिस्त्री म्हणाले, "चप्पल हाय व्हय ती?"

आण्णाने कप खाली ठेवला. "सोडा बोल्ट," तो म्हणाला.

पुढचे तीन दिवस आम्ही शेडमध्येच राहिलो. ते तीन दिवस मी कॉलेजातल्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त लक्ष देऊन बघितले. पाटे सुटे झाले तेव्हा त्यांच्यामधून गंजाची पूड पडली. "हे घासतंय म्हणून बी गाडी ताट झालीया," मिस्त्री म्हणाले. प्रत्येक पाटा घासून काढला. दोन पाट्यांचा बाक गेला होता. ते भट्टीत घातले. लालभडक झालेला पाटा त्यांनी सांडशीने ऐरणीवर घेतला आणि हातोडा अगदी हळू, जवळजवळ थोपटल्यासारखा मारला. माप घेतलं नाही. डोळा बारीक करून नुसतं बघितलं, मग तेलात बुडवला. तेल उसळलं, धूर झाला. पुन्हा थोडा गरम केला आणि बाजूला ठेवून दिला. थंड झाल्यावर तो चवडीतल्या बाकीच्या पाट्यांवर ठेवला. मी वाकून बघितलं. दोहोंच्या मधून उजेड दिसत नव्हता.

कापून घेतलेले लोखंडाचे तुकडे एक्सलच्या वरच्या अंगाला जोडून पाट्यांना बसायला जागा केली. पाट्यांच्या मधून ग्रीस भरलं. मग मिस्त्रींना दिसलं, की गाडी वर गेल्यावर ब्रेकचा रबरी पाईप आखूड पडणार. स्टिअरिंगचा दांडाही तिरका होणार. तो सरळ करण्यात एक अख्खा दिवस गेला. आण्णा कंटाळून म्हणाला, एवढ्याने काय होतंय? मिस्त्री म्हणाले, "म्हाताऱ्याला सुकानं नेशील आणि वढ्यात ब्रेक लागायचा न्हाय. चाललं?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वही काढायला लावली. "आता एकच म्हातारा धर. तू आन् ह्यो. किती दबंल सांग." मी तिथेच मातीत बसून गणित केलं. एक आकडा सांगितला. त्यांनी आम्हा दोघांना गाडीत चढवलं, मागे आप्पांच्या वजनाचं तंबाखूचं बोद, एक गच्च बांधलेलं पोतं, कुणाकडून तरी आणून ठेवलं आणि काडीने पाटा किती दबला ते मोजलं. माझ्या आकड्यापेक्षा अर्धं बोट कमी. त्यांनी काडी माझ्या हातात दिली. "जमतंय की तुला," म्हणाले. ती काडी मी बरेच दिवस वहीत ठेवली होती.

मग त्यांनी एक मोठा दगड आणून ठेवला आणि पुढचं एक चाक त्याच्यावर चढवायला सांगितलं. चाक चढलं. एक्सल तिरका झाला, पाटे एका बाजूला दबले, दुसऱ्या बाजूला ताणले गेले, आणि वरचा सांगाडा जवळजवळ जागच्या जागी सपाट राहिला. जसं काही खाली जे चाललंय ते त्याला माहीतच नाही. आण्णाने काढलेला आवाज मी त्याच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. लहान पोरं जत्रेत काढतात तसा.

आप्पांना गाडीत घालणं सोपं गेलं नाही. ते आण्णाशी बोलेनात. आई म्हणाली, "पोरांनी गाडी सुदारून आणलीया." आप्पा म्हणाले, "दगूड सुदारला व्हय?" शेवटी आण्णा खाटेपाशी बसला आणि म्हणाला, "आप्पा, मी झोपून आलोय मागं. माझ्या पाठीला इचारून आलोय." आप्पांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "टॉवेल द्या."

आण्णा चालवत होता, मी मागे आप्पांच्या उशाशी. गाडी माणसाच्या चालीने निघाली. वळणावर ती खरंच डुलत होती, होडीसारखी, आणि मला मिस्त्रींचं बोलणं आठवून भीती वाटत होती. आप्पांनी टॉवेल दातांत घट्ट धरला होता, डोळे मिटले होते. ओढा आला. आण्णाने गिअर बदलला. मी पाण्यात बघितलं. पुढचं डावं चाक एका गोल दगडावर चढलं, उतरलं, मग उजवं. गोधडीवर पाण्याचे दोन थेंब उडाले. आप्पांचं अंग एकदा डावीकडे कललं, एकदा उजवीकडे, पाळण्यात कलावं तसं. मी श्वास सोडला तेव्हा आम्ही पलीकडच्या काठावर होतो.

आण्णाने या वेळी मागे वळून बघितलं नाही. तो समोर बघूनच चालवत राहिला. त्याची मान ताठ झालेली मला मागून दिसत होती.

थोडं पुढे गेल्यावर आप्पांनी टॉवेल काढला. "वढा किती लांब हाय रं आजून?"

पुढून आण्णा म्हणाला, "गेला, आप्पा."

"लबाड बोलू नगंस."

"गेला. इचारा त्येला."

आप्पांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. त्या वाटेवरचा एकेक दगड त्यांच्या पाठीला पाठ होता. त्यांचा विश्वास बसत नव्हता. "उतर," ते मला म्हणाले. "चाकाला हात लाव. वलं हाय का बघ."

आण्णाने गाडी थांबवली. मी उतरलो. टायरच्या खाचांतून पाणी अजून ठिबकत होतं. मी पूर्ण पंजा त्याच्यावर ठेवला, परत मागे चढलो आणि त्यांच्यापुढे हात धरला.

आप्पांनी माझा ओला हात आपल्या हातात घेतला. आधी नुसता बघितला. मग तो त्यांनी आपल्या तोंडावरून फिरवला आणि पुढे आण्णाला म्हणाले, "चल, हाण."